उरलेला अर्धा सिनेमा

दर दोन आठवड्यांनी एक रिॲक्शन पेपर. एक पुस्तक नाहीतर एक सिनेमा, आणि सिनेमा असेल तर पहिल्या पानाच्या कोपऱ्याला तिकिटाचा तुकडा स्टेपल केलेला. पाल्मारेस मॅडमची एवढीच अट होती. गोष्ट लिहून पानं भरू नका, असं त्यांनी वर्गाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्हाला आत काय झालं ते लिहा. सोमवारी त्या एक पेपर निवडत आणि ज्याचा त्यालाच उभं राहून वाचायला लावत.

एमेलिता कातालबासचे पेपर त्यांना बुचकळ्यात टाकायचे. ही मुलगी सिनेमाबद्दल शेवटाकडून लिहायची. नायिका पहिल्या परिच्छेदात वारलेली असायची आणि तिसऱ्या परिच्छेदात लग्नाचा झगा शिवायला टाकायची. तिथे एमेलिताने लिहिलेलं असे, की ती हसत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. अखेर मॅडमनी एकदा तिला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं, तेव्हा कळलं की यात कसलीही कलाकुसर नव्हती. पोरगी सिनेमा बघतच तशी होती.

तिचे वडील, एलेउतेरियो कातालबास, इलोइलोच्या बंदरावर माल उतरवून घेणाऱ्या कंपनीत होते. रविवारी दुपारी नेग्रोस बेटावरून बोट यायची, ती मोकळी करून ते काये रियाल रस्त्यावरच्या थिएटरपाशी पोचेपर्यंत सिनेमा अर्धा झालेला असायचा. त्या काळात याचं कुणाला काही वाटत नसे. तिकीट कधीही मिळायचं, मध्यंतर नसायचं, एक खेळ संपला की जाहिराती आणि लगेच पुढचा. बाप-लेक अंधारात चाचपडत बाल्कनीत जात, उरलेला सिनेमा बघत, मग बसून राहत आणि सुरुवात बघत. आपण आत शिरलो तो प्रसंग पडद्यावर आला की ताताय, म्हणजे तिचे वडील, तिच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवत. चल इंदाय, ते लाडाने म्हणत, इथूनच आलो होतो आपण.

लहानपणी तिने तक्रार केली होती. त्यावर ते म्हणाले होते, आधी काय झालं ते बघावं, मग का झालं ते बघावं. म्हणजे कुणाचा राग येत नाही.

इतर सहा दिवस ते घरात फार बोलत नसत. आईशी त्यांचं बोलणं तांदूळ, वीजबिल आणि गळकं छप्पर एवढ्यापुरतं. रविवारी मात्र थिएटरच्या दारातल्या सिओन मावशीकडून उकडलेल्या शेंगा घेऊन, टोपी मांडीवर उलटी ठेवून, तिच्यात टरफलं टाकत ते बोलायचे; कुजबुजत, पडद्यावरच्या माणसांना सल्ले देत. एमेलिता एकोणीस वर्षांची झाली, वर्गातल्या मुली मुलांबरोबर जायला लागल्या, तरी रविवारी ती दुसऱ्या कुणाला हो म्हणाली नाही. तिच्याजवळ तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या सत्रात लुडिविना सोब्रेवेगा नावाची मुलगी वर्गात आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोलोला राहणारी, शिडशिडीत, पहिल्या बाकावर बसणारी. तिसऱ्या सोमवारी मॅडमनी तिचा पेपर निवडला.

लुडिविनाने सुरुवात केली, "वडिलांबरोबर मी एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही."

वर्गात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, की हिचे वडील पोलिसांना चुकवत फिरतात वाटतं. मॅडमनी तिकडे नुसतं पाहिलं.

लुडिविना न डगमगता वाचत राहिली. तिचे वडील जहाजावर होते. जहाज बंदरात असेल तेवढ्यापुरते ते रविवारी यायचे, तिला पहिल्या खेळाला घेऊन जायचे, आणि सिनेमा अर्ध्यावर आला की जहाजाची वेळ व्हायची. ते तिला बाहेर आणून मोलोला जाणाऱ्या जीपनीत, म्हणजे भाड्याच्या जीपमध्ये, बसवून द्यायचे. तिकीट फुकट जायला नको म्हणून ते स्वतः मात्र थोडा वेळ परत आत जायचे आणि पुढच्या रविवारी तिला शेवट सांगायचे. पेपर त्यावरच होता. तिने लिहिलं होतं, की मी पाहिलेल्या सिनेमांपेक्षा मी ऐकलेले शेवट मला जास्त आठवतात, कारण ते सांगताना ते पडद्याकडे बघत नसतात, माझ्याकडे बघतात. शेंगा खाताना टरफलं ते टोपीत टाकतात आणि शेवट सांगून झाला की ती टोपी माझ्या डोक्यावर उलटी करतात.

एमेलिताने पेन्सिल खाली ठेवली. टोपीत टरफलं टाकणारी माणसं गावात आणखीही असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग लुडिविनाने एका जुन्या सिनेमाचं उदाहरण दिलं. विधवा बाई आपली म्हैस विकते आणि शहराच्या बसमध्ये बसते, तो. "वडील म्हणाले, सगळं थिएटर रडत होतं. बस निघाली. तेवढ्यात त्यांच्या मागच्या रांगेत कुणाची तरी लहान मुलगी होती, ती मोठ्यांदा म्हणाली, आता संध्याकाळी म्हशीला पाणी कोण दाखवणार? मग सगळे रडता रडता हसायला लागले. मी ती मुलगी कधी पाहिली नाही. पण त्या सिनेमातलं मला सगळ्यात जवळचं माणूस तीच वाटते."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. एमेलितानेही वाजवल्या, कारण शेजारची वाजवत होती.

ती मुलगी मागच्या रांगेत नव्हती. ती तातायच्या मांडीला मांडी लावून बसलेली होती, आठ वर्षांची, आणि तिने ते विचारल्यावर त्यांनी हसू दाबण्यासाठी तिच्या केसांत तोंड लपवलं होतं.

दुपारी कँटीनमध्ये तिने लुडिविनाला गाठलं. पेपर छान होता म्हणाली, आणि सहज विचारावं तसं वडिलांचं नाव विचारलं. लुडिविनाने भाताचा घास गिळून सांगितलं, तेरोय. खरं नाव लांबलचक आहे, आई चिडली की सगळं घेते. एमेलिताने मान डोलावली. तिच्या घरीही तसंच होतं: एरवी तेरोय, चिडल्यावर एलेउतेरियो.

आईला ती काही बोलली नाही. सबंध आठवडा ती वडिलांना बघत होती: भात कालवताना, दाढी करताना, खिडकीतून कुत्र्याला हाकलताना. दोन घरं चालवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसत असेल अशी तिची समजूत होती. काही दिसलं नाही. शनिवारी ती म्हणाली, "ताताय, उद्या एकदा सुरुवातीपासून बघू या का?"

ते बूट पुसत होते. "बोट कोण बघणार, तुझा आजा?" ते म्हणाले, नेहमीसारखे हसून. "नेहमीच्या वेळेला ये. मी आहेच."

रविवारी ती मैत्रिणीकडे जेवायला जाते म्हणून लवकर निघाली आणि पहिल्या खेळाला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. आत जाताना सिओन मावशीने तिच्याकडे पाहिलं, शेंगांचा पुडा बांधता बांधता थांबली, आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई एक शब्द बोलली नाही. एमेलिताच्या लक्षात आलं, की हिला सगळं माहीत आहे. दर रविवारी एकाच माणसाला दोन पुडे विकणाऱ्या बाईला माहीत नसेल तर कुणाला असेल.

ते दोघं जाहिराती चालू असतानाच आले आणि खूप खाली, पुढच्या बाजूला बसले. पडद्याचा उजेड पडला की टोपी काढलेलं डोकं आणि त्याच्या शेजारी बारीक मान दिसायची. सिनेमा एका नारळ उतरवणाऱ्याचा होता. त्याला एक लहान मुलगी होती. भावाचा गुन्हा अंगावर घेऊन तो तुरुंगात जातो. एमेलिताने आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिच्या पहिल्या टोकाला धरली होती, आणि पुढे काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. खालचं डोकं मध्येच शेजारी झुकायचं. ते कुठला सल्ला देत असतील हे तिला ऐकल्यासारखं कळत होतं.

तुरुंगाचं दार लागलं आणि ते दोघं उठले. लुडिविना मान वळवून वळवून पडद्याकडे बघत बाहेर गेली.

नेहमी याच सुमाराला एमेलिता रस्त्यापलीकडे, कोपऱ्यामागच्या बेकरीपाशी उभी असे. आज ती जागची हलली नाही. बाहेर काय झालं असेल ते तिने नंतर जुळवलं. त्यांनी मोलोची जीपनी थांबवली असेल, हात हलवला असेल, रस्ता ओलांडून बेकरीशी गेले असतील. मग परत येऊन सिओन मावशीला विचारलं असेल. ती म्हणाली असेल, तुमची पोरगी ना, ती केव्हाच आत गेली, पहिल्या खेळाला.

बऱ्याच वेळाने बॅटरीचा उजेड पायऱ्या चढून वर आला आणि ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. हातात शेंगांचा पुडा होता. तो त्यांनी उघडला नाही.

"कधी आलीस?"

"सुरुवातीपासून आहे."

पडद्यावर मुलगी मोठी झाली होती, शाळेत शिकवत होती. ते तिकडे बघत होते. त्यांचा श्वास जिना चढल्यामुळे लागला होता आणि तो शांत व्हायचं नाव घेत नव्हता.

"आईला..." ते म्हणाले.

"नाही."

"इंदाय, ती पोर तुझ्याच..."

"माझ्याच वर्गात आहे. माहीत आहे मला." तिला वाटलं होतं की आपण रडू. रडू आलं नाही. आवाज तिच्या आईसारखा आला, वीजबिलाबद्दल बोलताना यायचा तसा. "पुढच्या रविवारपासून आपण पहिल्या खेळाला यायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

त्यांनी होकाराची मान हलवली. ती काय मागते आहे आणि ते कुणाकडून काढून द्यायचं आहे, हे दोघांनाही नीट कळलेलं होतं.

त्यानंतरचे रविवार तिला मिळाले. ते तिच्याबरोबर घरूनच निघत, वेळेवर पोचत, तिकिटं काढत. सिओन मावशी एकच पुडा देई. सिनेमे पहिल्या प्रसंगापासून सुरू होत आणि संपल्यावर संपत. तातायनी पडद्यावरच्या कुणालाही सल्ला दिला नाही. विचारलं तर ते म्हणत, चांगलं काम केलंय. एकदा ती आपणहून त्यांच्या कानाशी लागून काहीतरी चेष्टेचं बोलली, तर ते दचकले, जणू परक्या बाईने हात धरला. तिने जिंकलेलं माणूस तिच्या शेजारी बसलेलं होतं आणि तिला त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. या सिनेमांवर तिला पेपर लिहिता येईना. त्या पंधरवड्यात तिने वाचनालयातलं एक पुस्तक आणून त्यावर दोन पानं लिहिली. मॅडमनी शेरा दिला: हे कुणीही लिहिलं असतं.

लुडिविनाने तर अर्धाच पेपर दिला. तो नारळ उतरवणाऱ्याच्या सिनेमावर होता. तुरुंगाच्या दारापाशी तो थांबत होता आणि खाली एक ओळ होती: वडील आले नाहीत, म्हणून शेवट अजून मिळालेला नाही. मॅडमनी तो तिला परत केला आणि पुढच्या सोमवारपर्यंत पुरा करून आण म्हणाल्या.

सुटल्यावर ती जीपनीच्या थांब्यावर एकटी उभी होती. एमेलिता तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. लुडिविनाचे डोळे सुजलेले होते, पण बोलताना ती वैतागलेलीच जास्त वाटली. तीन रविवार ती नटून पायरीवर बसून राहिली होती. आई म्हणत होती, जहाज लांब गेलं असेल, बंदरं काय कमी आहेत. शेजारणी म्हणत होत्या, बंदरागणिक माणसं असतात. आणि हसत होत्या.

"तो सिनेमा मी पाहिलाय," एमेलिता म्हणाली. "शेवट सांगू का? पेपर तरी पुरा होईल."

लुडिविनाने तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला, एखाद्याने ताटात वाढायला यावं आणि आपण नको म्हणावं तसा.

"नको गं. राग मानू नकोस. तू सांगितलास तर त्यांना यायला काय कारण उरेल?"

जीपनी आली आणि ती गेली.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ताताय टोपी घेऊन दाराशी उभे होते. एमेलिता कपडे बदलून आलीच नव्हती.

"मी येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मोलोला जा. तिला शेवट सांगायचा राहिलाय. उद्या तिचा पेपर आहे."

ते बराच वेळ टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. मग बाकावर बसले.

"मी कुठे पाहिला?" ते म्हणाले. "तुझ्या शेजारी येऊन बसलो तेवढंच. पुढचं काही दिसलं नाही मला त्या दिवशी."

तेव्हा तिने त्यांना तो सांगितला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, पण काहीही न गाळता. तो तुरुंगातून सुटतो. म्हातारा झालेला असतो. मुलीचं लग्न त्याच दिवशी असतं. चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बसच्या थांब्याखाली तो उभा राहतो. मुलगी गाडीतून उतरते. तिच्या शेजारी काका असतो, ज्याच्यासाठी हा आत गेला तो. ती क्षणभर रस्त्याकडे बघते, पण मध्ये एक ट्रक येतो. ट्रक जातो तेव्हा ती आत गेलेली असते. घंटा वाजतात. बस येते, तो बसमध्ये चढतो.

"हाक मारत नाही?" तातायनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"नाही, ताताय."

त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. ती जवळ बसलेली असून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उठले, टोपी घातली, गेले. अंगणातून आईने विचारलं, आज पोरीला न घेताच का? एमेलिता ताटं उचलू लागली. आईने पुन्हा विचारलं नाही, आणि एमेलिता पुढे कितीतरी दिवस त्या न विचारण्याचा विचार करत राहिली.

सोमवारी लुडिविना वाचायला उभी राहिली ती केस विंचरून, रिबीन बांधून. सुरुवात वर्गाने ऐकलेलीच होती. तुरुंगाचं दार लागलं. मग म्हातारा सुटला. लग्न, चर्च, थांबा, ट्रक. एमेलिता मान खाली घालून ऐकत होती. शब्द जवळजवळ तिचेच होते.

"ट्रक जातो," लुडिविनाने वाचलं, "आणि तो रस्ता ओलांडतो. दारात पाय पुसतो. सगळे मागे वळून बघतात. तो काकाला बाजूला करतो, मुलीचा हात आपल्या हातात घेतो आणि सगळ्या गावादेखत तिला आत घेऊन जातो. वडील हे सांगत होते तेव्हा त्यांना पुढे बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, असू दे, मला दिसलं."

ती खाली बसली. टाळ्या सुरू होण्याआधी पाल्मारेस मॅडम म्हणाल्या, "थांब. हा शेवट कुठून आणलास? मी पाहिलाय तो सिनेमा. तो बसमध्ये बसून निघून जातो."

वर्ग हसला. मागचा मुलगा म्हणाला, की हिच्या वडिलांनी दुसऱ्या थिएटरात पाहिला असेल. लुडिविनाचे कान लाल झाले. ती पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, की वडील खोटं सांगणार नाहीत.

"म्हणजे मी खोटं सांगते," मॅडम म्हणाल्या, रागाने नव्हे. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. "आणखी कुणी पाहिलाय?"

"एमेलिताने पाहिला असणार," कुणीतरी म्हणालं. "तिचा एक रविवार चुकत नाही."

एमेलिता उभी राहिली. पहिल्या बाकावरून लुडिविना वळून तिच्याकडे बघत होती. तिने हो म्हटलं तर तो माणूस चर्चमध्ये गेला. नाही म्हटलं तर तो बसमध्ये बसला, आणि काल संध्याकाळी मोलोच्या त्या पायरीवर बसून ज्याने हे सांगितलं तो खोटारडा ठरला, मुलीपुढे आणि वर्गापुढे. तो खोटारडा होताच. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण एमेलितासाठी त्याने कधी एकही शेवट बदलला नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती. तिच्या बाप्तिस्म्याच्या कागदावर त्याचं नाव होतं आणि त्याच्या हाताला धरून ती दर नाताळला गावच्या चर्चमध्ये सगळ्यांदेखत जात होती.

"लुडिविनाने लिहिलंय तसाच आहे," ती म्हणाली.

"तू स्वतः पाहिलास?"

"सुरुवातीपासून, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. त्या काही बोलणार होत्या, पण दोन्ही मुलींकडे आलटून पालटून पाहिल्यावर त्यांनी नुसताच पेपर मागून घेतला आणि पुढच्याला वाचायला सांगितलं.

सुटल्यावर लुडिविना धावत तिच्या मागे आली. मॅडमचं वय झालंय, ती म्हणाली, मध्येच डोळा लागला असेल त्यांचा. पिशवीतून केळीच्या पानातला चिकट भाताचा सुमान काढून तिने त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा एमेलिताच्या हातावर ठेवला. दोघी थांब्यापर्यंत चालत गेल्या. वडील म्हणाले होते, आता दर रविवारी येता येईल असं नाही; पण आले होते ना. जाताना त्यांनी तिच्या आईलाही काहीतरी सांगितलं, आणि आई रात्रभर रडत होती, बहुतेक आनंदाने.

"तू तर प्रत्यक्ष पाहिलंस," लुडिविना म्हणाली. "मी नुसतं ऐकलं. तो तिचा हात हातात घेतो ना, तेव्हा ती कशी दिसते? रडते का? चेहरा जवळून दाखवतात का?"

मोलोची जीपनी येऊन उभी राहिली. लुडिविनाने ड्रायव्हरला पुढे जायची खूण केली आणि ती कठड्यावर बसली, ऐकायला.

एमेलिताने हातातला घास तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत वेळ काढला.

"हो, जवळून दाखवतात," ती म्हणाली. "आधी ती त्याला ओळखतच नाही."